पुतळा किती फुटी करावा, हे आधी चौकाला विचारा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आला आहे. थोडक्यात असा : गावच्या मुख्य चौकात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसवायचा आहे. नगरपालिकेचा ठराव झाला, वर्गणीही सुरू झाली. आधी १२ फुटी ठरला होता. शेजारच्या तालुक्यात २१ फुटी झाला, तेव्हापासून समितीतली काही मंडळी ३१ फुटांवर अडून बसली आहेत. तेवढा निधी नाही म्हटल्यावर ‘मग फायबरमध्ये करून टाकू’ अशी सूचना आली. आणि शेवटी विचारलं आहे, "राम सुतारांचे एवढाले पुतळे बघितले तरी चेहरा जिवंत वाटतो. मग आपल्याकडच्या पुतळ्यांत घोडा फुगलेला आणि महाराजांचं डोकं एवढंसं का दिसतं? नेमका किती फुटी करावा?"

मी छत्रपती संभाजीनगरात २६ वर्षं हेच काम करतो आहे. अर्धपुतळे, उभे पुतळे, अश्वारूढ पुतळे, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत. तरीही या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मी देणार नाही. तुमचा चौक केवढा आहे, खाली माती कसली आहे, वर्गणी कुठवर जाणार, यातलं काहीच मला माहीत नाही. पण आकडा कसा ठरवायचा ते सांगता येईल, आणि डोकं लहान का दिसतं तेही. खरं तर हे दोन प्रश्न एकच आहेत.

राम सुतारांपासूनच सुरू करतो. धुळे जिल्ह्यातलं गोंदूर हे त्यांचं गाव, जन्म १९२५ चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर १९५४ ते १९५८ अशी चार वर्षं त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती आपल्याकडे, वेरूळ-अजिंठ्याला. झिजलेल्या, फुटलेल्या मूर्तींच्या डागडुजीचं काम. पुढे त्यांनी चंबळेवर गांधीसागर धरणाजवळ ४५ फुटी काँक्रीटचं शिल्प घडवलं : चंबळ ही आई आणि तिच्याजवळ मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन मुलं. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधी त्यांचेच, आणि २०१८ साली केवडियाला उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळाही त्यांचाच. आता यातले दोन आकडे शेजारी ठेवा. संसदेतले बसलेले गांधी १६ फुटी. केवडियाचे सरदार जवळपास ६०० फुटी. हात एकच. गांधी ६० फुटी करायला त्या हाताला काय अवघड होतं? पण ती जागा जवळ जाऊन नमस्कार करायची आहे. सरदारांचा पुतळा नर्मदेच्या खोऱ्यात आहे, भोवती डोंगर आहेत आणि माणूस मैलावरून बघतो आहे. उंची जागेने ठरवली. शेजारच्या तालुक्याने ठरवली नाही.

आपल्या संभाजीनगरच्या क्रांती चौकाचंही तेच. तिथला महाराजांचा नवा पुतळा २०२२ च्या फेब्रुवारीत बसला. पुतळा २१ फुटांचा आणि चौथऱ्यासह उंची ५२ फूट. एवढा उंच का? तर शेजारून जालना रोडचा उड्डाणपूल गेला आणि जुना पुतळा त्याच्यापुढे ठेंगणा दिसू लागला. पुलावरून जाणारा माणूस तर त्याच्याकडे वरूनच बघायचा. म्हणजे तिथे उंची वाढवायला कारण होतं. तुमच्या चौकात पूल आहे का?

आता डोक्याचं. अश्वारूढ पुतळ्याच्या अगदी समोर, जवळ उभे राहा आणि वर बघा. सगळ्यात पुढे काय येतं? घोड्याची छाती. मग मान, मग तोंड. स्वार त्याच्या मागे चार-पाच फुटांवर आणि वर. जितकं जवळून आणि खालून बघाल तितका घोडा मोठा होतो आणि स्वार मागे सरकतो. अगदी जवळ गेलात तर घोड्याच्या मानेआड महाराजांचा चेहराच जातो. चौथरा उंच आणि रुंद असेल तर त्याची कड घोड्याचे खूरही झाकते आणि घोडा चिखलात रुतल्यासारखा दिसतो. मूर्तिकाराने मापं बरोबर घेतलेली असतात बरं का. कारखान्यात समोरासमोर बघितलं तेव्हा सगळं ठीकच होतं. चूक मापात नसते, कुठून बघायचं ते न ठरवण्यात असते.

मान फार न ताणता माणूस साधारण ३० अंशांपर्यंत वर बघतो. त्याच्या पलीकडे चेहरा दिसत नाही, हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात. माझा हिशेब साधा आहे. पुतळा आणि चौथरा मिळून उंची घ्या, त्यातून बघणाऱ्याच्या डोळ्याचे ५ फूट वजा करा, जे उरेल त्याच्या दुप्पट अंतरावर माणसाला उभं राहता आलं पाहिजे. १२ फुटी पुतळा १० फुटी चौथऱ्यावर ठेवला तर २२ मधून ५ गेले, १७ उरले, म्हणजे ३४ फूट अंतर हवं. ३१ फुटी पुतळा २० फुटी चौथऱ्यावर ठेवला तर ५१ मधून ५ गेले, ४६, म्हणजे ९२ फूट. तालुक्याच्या गावात ६० फुटी रस्त्यांचा चौक म्हणजे मोठा चौक. मधोमध पुतळा बसवला तर कडेच्या दुकानाच्या पायरीपासून तो ३० फुटांवर येतो. तिथून १२ फुटी नीट दिसेल. ३१ फुटी पुतळ्याकडे बघायला मान जवळजवळ ६० अंश वर करावी लागेल, आणि दिसेल ते घोड्याचं पोट. लोकांनी वर्गणी घोड्याच्या पोटासाठी दिलेली नाही.

उपाय काय? एक तर उंची आणि चौथरा जागेत बसतील एवढेच ठेवायचे. दुसरं, घडवतानाच दुरुस्ती करायची. मी घोड्याची मान एका बाजूला वळवतो आणि थोडी खाली घेतो, म्हणजे समोरून चेहरा मोकळा होतो. स्वाराचं धड किंचित लांब करतो, डोकं मापापेक्षा ५ ते ८ टक्के मोठं घेतो, चेहरा थोडा खाली झुकवतो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघा, डोकं आणि हात शरीराच्या मानाने मोठे आहेत. तो पुतळा मुळात चर्चच्या माथ्याजवळ, उंचावर बसवायचा होता. हे प्रमाण पुस्तकातून घेऊन मात्र चालत नाही. १२ फुटी पुतळ्याला मी जेवढं देतो तेवढं २१ फुटीला दिलं तर कमी पडतं.

म्हणून मातीकाम, म्हणजे ओतकामाआधी मातीत घडवलेला पुतळा, पाहायला समिती येते तेव्हा मी खुर्च्या मांडत नाही. सतरंजी टाकतो, पुतळ्यापासून अंतर मोजून, आणि सगळ्यांना खाली बसवतो. चौकात जो कोन मिळणार आहे तो शेडमध्ये तसाच मिळतो. एकदा जालन्याकडची समिती आली होती. तरुण मंडळी उभ्यानेच बघत होती. ‘डोकं मोठं वाटतंय, कमी करा’ म्हणाली. त्यांच्यात एक वयस्कर मास्तर होते. गुडघे दुखत असतानाही ते भिंतीला धरून सतरंजीवर बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसा रे सगळे खाली. इथून महाराज आपल्याकडं बघतायत." मग सगळे बसले. डोकं तेवढंच राहिलं. ती मंजुरी मी त्याच दिवशी, त्याच जागी, सगळ्यांच्या सह्यांनिशी घेतली. तुम्हीही तसंच करा. चार जण आज, चार जण आठवड्याने आले की प्रत्येकाच्या मनातले महाराज वेगळे निघतात आणि माती रोज बदलत राहते.

उजेडाकडे तर कुणी बघतच नाही. आपण साधारण १९-२० अक्षांशांवर राहतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, आणि पुढेमागे कितीतरी दिवस जवळपास तसाच. जिरेटोपाची सावली सरळ डोळ्यांवर पडते आणि खोबणी काळ्या होतात. म्हणून भुवयांखालचा भाग किती खोल घ्यायचा ते मी शेडमध्ये वरून दिवा लावून ठरवतो. दिशेचंही तसंच. उत्तरेकडे तोंड केलेला पुतळा हिवाळाभर स्वतःच्याच सावलीत असतो, कारण सूर्य दक्षिणेकडून जातो. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, नेमकी त्याच दिवसांत. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी अभिवादनाच्या वेळी चेहऱ्यावर ऊन येतं. रस्ता कोणीकडून येतो यावरही हे अवलंबून आहे, पण शक्य असेल तर मी पूर्व किंवा आग्नेय धरतो.

हे मी कुठे शिकलो असेन तर वेरूळला. विद्यार्थी होतो तेव्हा कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला, रावण कैलास हलवतो आहे त्या शिल्पासमोर, वही घेऊन दिवसच्या दिवस बसायचो. खालचा रावण खोल खोदलेला, अंधारात, आणि त्याचे हात त्या अंधारातून बाहेर येतात. वर शिव-पार्वती उजेडात. दगड एकच, काळा. फरक फक्त कुठे किती सावली पडू द्यायची याचा. बाराशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं त्यांना समोरच्या अंगणात माणूस कुठे उभा राहणार हे ठाऊक होतं. राम सुतारांनी उमेदीची वर्षं याच दगडांच्या सहवासात काढली, आणि त्याचा त्यांच्या नजरेवर परिणाम झाला असणार असं मला मनापासून वाटतं.

आता ३१ फुटांचं वजन. समितीला वाटतं १२ चे ३१ केले म्हणजे काम अडीच पट. तसं नाही. उंची अडीच पटीहून थोडी जास्त वाढली की पृष्ठभाग साडेसहा पटींहून जास्त होतो, म्हणजे धातू तेवढा. आणि वारा पुतळ्याला उलथवण्याचा जो जोर लावतो तो १७ पट होतो, कारण वारा अडवणारं अंगही वाढलं आणि तो लागतो ती उंचीही वाढली. आपल्या भागात बांधकामाचा हिशेब सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वाऱ्यावर करतात. त्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ९० किलोच्या पुढे जातो. १२ फुटीपर्यंत तुम्ही मूर्तिकाराच्या भरवशावर राहू शकता. ३१ फुटी म्हणजे माणसाच्या आकाराची इमारत आहे. तिला स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्या दिवसापासून हवा, शेवटी सहीपुरता नको.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी वारा ताशी ४५ किलोमीटर होता असं सांगितलं गेलं. त्याचा दाब दर चौरस मीटरला जेमतेम १० किलो येतो. मी त्या पुतळ्याच्या आत डोकावलेलो नाही, त्यामुळे दोष कुणाचा यावर बोलणार नाही. पण ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातून उभे राहिलेले सगळे पुतळे डोळ्यांपुढून गेले आणि पुढच्या महिनाभरात मी त्यातल्या अकरा पुतळ्यांची झाकणं उघडून आतले सांधे तपासले. मालवणला पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, सुतारांच्याच स्टुडिओतून नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला.

लोक पुतळ्याची कातडी बघतात. वजन पेलतो तो आतला सांगाडा. सुतारांनीच केलेला बंगळुरू विमानतळावरचा केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा घ्या. त्यात ब्राँझ ९८ टन आणि पोलाद १२० टन आहे. आतला सांगाडा बाहेरच्या धातूपेक्षा जड. सरदारांच्या पुतळ्यात तर आत काँक्रीटचे दोन भलेमोठे खांब आहेत, ब्राँझ हे वरचं आवरण. आणि तो पुतळा चालण्याच्या पवित्र्यात, धोतर आणि चपला घालून, म्हणजे सगळ्यात बारीक भाग तळाशी. इंजिनिअरांचा खरा कस तिथे लागला.

सांगाड्याबाबत एक गोष्ट ठाम सांगतो. ब्राँझच्या आत साधं लोखंड उघडं ठेवू नका. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा सांगाडा फ्रेंच इंजिनिअर आयफेलने लोखंडाचा केला होता, वर तांब्याचा पत्रा. दोघांमध्ये थर घातला होता, तो काळाने गेला आणि शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पुतळा पोकळ असतो, पावसाचं पाणी कुठून तरी आत जातंच. खाली पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का, हे मूर्तिकाराला विचारा. हा प्रश्न ऐकून तो गडबडला तर दुसरा मूर्तिकार बघा.

घोड्याच्या पायांवरून समित्यांमध्ये हमखास वाद होतो. एक पाय वर असेल तर स्वार जखमी होऊन वारला, दोन्ही वर असतील तर रणात पडला, असं कुणीतरी सांगतंच. असा कुठलाही नियम शिल्पकलेत नाही. पाय किती उचलायचे हे भार कसा उतरणार यावर ठरवा. एक पाय उचललेला घोडा तीन पायांवर उभा राहतो आणि त्या तिन्ही पायांतून मी स्टेनलेसचे दांडे थेट चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये नेतो. घोड्याचा पाय घोट्याजवळ फार बारीक असतो, सगळा खेळ तिथे आहे. दोन पायांवर उधळलेला घोडा देखणा दिसतो, पण मग शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार घ्यावा लागतो. माद्रिदमधल्या पुतळ्यात स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा घोडा १६४० साली असाच उभा केला आणि त्याचा तोल साधायला गॅलिलिओचा सल्ला घेतला गेला असं सांगतात. तुमचं पहिलंच काम असेल तर तीन पाय जमिनीवर ठेवा.

आता माती, म्हणजे शाडूची नव्हे, जमिनीची. परभणीची काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका गावात चौथरा समितीने स्थानिक ठेकेदाराकडून करून घेतला होता. मी पुतळा नेला, बसवला, माळा पडल्या, सगळे खूश. दोन पावसाळे गेले आणि फोन आला, "घोडा वाकडा दिसतोय." जाऊन बघितलं तर घोडा जागच्या जागी होता, चौथराच एका बाजूला खचला होता. ग्रॅनाइटच्या फरशीत बोट जाईल एवढी फट. ठेकेदाराने चार फूट खणून काळ्या मातीतच पाया घातला होता, आणि पाया खणला तेव्हा मी बघायला गेलो नव्हतो. पुतळा उतरवून चौथरा नव्याने करावा लागला, आणि पुतळा उतरताना बघायला उभे राहिलेल्या लोकांचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून पाया खणतात त्या दिवशी मी स्वतः हजर असतो. काळी माती पूर्ण निघून कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत काँक्रीट टाकू देत नाही. ते ६ फुटांवर लागेल की १५ फुटांवर, हे खणल्याशिवाय कळत नाही. आणि लातूर-धाराशिवकडच्या वाचकांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरू नये. किल्लारी आपल्याच मराठवाड्यात आहे. भूकंपाचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या.

फायबरचं विचारलं आहे. फायबर वाईट नाही. सभागृहात, छत्रीखाली, शाळेच्या व्हरांड्यात मी स्वतः फायबरचं काम करून देतो. पण उघड्या चौकात, ४३-४४ अंशांच्या उन्हात, त्याचा वरचा थर काही वर्षांत पांढरा पडतो, बारीक भेगा जातात, रंग उडतो आणि मग दर जयंतीला सोनेरी ऑइलपेंट मारला जातो. पाच-सहा थर चढले की नाकडोळे बुजतात. निधी कमी असेल तर ३१ फुटी फायबरपेक्षा १० फुटी ब्राँझ करा. ते तुमच्या नातवंडांनाही असंच दिसेल.

आणि ‘पंचधातू’ हा शब्द करारात लिहून थांबू नका. त्या शब्दात काहीही बसतं. तांबं ८५, कथील ५, जस्त ५, शिसं ५ टक्के असं मिश्रण स्पष्ट लिहा, ओतकामाच्या वेळचा तुकडा प्रयोगशाळेत तपासा. जाडी लिहा. १ सेंटिमीटर जाडीच्या ब्राँझचा १ चौरस मीटर पत्रा ८८ किलो भरतो, तर ६ मिलिमीटरचा ५३ किलो. फरक कुठे जातो ते तुम्हीच ओळखा. १२ फुटी अश्वारूढ पुतळा साधारण दीड ते अडीच टनांत बसतो. तो ट्रकवर चढला की आधी वजनकाट्यावर न्या आणि पावती समितीच्या फाइलला लावा. चांगला मूर्तिकार याला कधी नाही म्हणत नाही. आतल्या वेल्डिंगचे फोटो पुतळा बंद करण्याआधी काढून ठेवा.

परवानगीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला कचेरीत कळेलच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ता, फुटपाथ अशा जागी पुतळ्यांना मनाई केलेली आहे. तेव्हा ‘चौक’ म्हणजे नेमकी कुठली जागा, कुणाच्या मालकीची, हे आधी कागदावर आणा. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, बांधकाम खातं आणि पुतळ्याच्या मातीतल्या नमुन्यासाठी कला संचालनालय असा प्रवास आहे. संचालनालय चेहरा, वेशभूषा, प्रमाण बघतं. पुतळा वाऱ्यात टिकेल का, ते तपासून घेणं तुमच्याकडे राहतं.

एक गोष्ट नकाशात कधीच नसते, ती म्हणजे हार. जयंतीला पोरं घोड्याच्या पायाला धरून वर चढतात, तलवारीला लोंबकळतात, हल्ली क्रेनने भलामोठा हार येतो. मी तलवारीचा हात म्हणूनच चार माणसांचा भार धरून करतो आणि चौथऱ्याच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना व उभं राहायला जागा देतो. तसंच दुधाचा अभिषेक झाला की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढा. दूध सांध्यांत आंबतं आणि धातूवर डाग पडतात. वर्षातून एकदा मेणाचा हात द्या.

आता तुम्ही उद्या काय करायचं ते सांगतो. बांबू आणा आणि चौकातल्या ठरलेल्या जागी १० फुटी चौथऱ्याइतका माचा बांधा. फ्लेक्सवाल्याकडून घोडा आणि स्वार अशी १२ फुटी आकृती कापून घ्या आणि माच्यावर उभी करा. मग २१ फुटी. ३१ फुटीला चौथराही २० फूट लागेल. तेवढ्या उंचीवर आकृती बांधता आली तर तीही बांधा, दोर घट्ट लावून. सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, असं तीन वेळा सगळ्या समितीने चौकाला फेरी मारा. चहाच्या टपरीवरून, बसस्टँडकडून, शाळेच्या फाटकातून बघा. बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही हे केलं तेव्हा २१ फुटी आकृती उभी राहताच विजेच्या तीन तारा बरोबर महाराजांच्या चेहऱ्यावरून गेलेल्या दिसल्या, आणि मागून डीपी डोक्याला टेकली. चौदा फूट ठरला. तारा तेवढ्या आठवड्याभरात बाजूला करून घेतल्या.